पेन्सिल जरा थांबू दे

"अजून अ सुद्धा काढत नाही हो," म्हणत काळजीत पडलेले पालक माझ्या बालवर्गात दरवर्षी येतात. मी त्यांना आधी मुलाचं मनगट बघायला सांगते. मनगटातली 8 हाडं जन्मतः निव्वळ कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक) असतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होत जातात. म्हणून चौथ्या वर्षी वही भरवून घेण्याआधी बोटांना काम द्या: माती मळणं, मोठे मणी ओवणं, कपड्यांना चिमटे लावणं. चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळतात, तशीच पकड पुढे पेन्सिलीला लागते.

आकड्यांची घोकंपट्टी नको. बटणं पुढ्यात ओता, "मला पाच दे" म्हणा. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल पाच मागितली की मूठभर देतं. मग वाटावाटीचा खेळ मांडा. "आता किती उरली?" एवढंच विचारा, उत्तर त्यालाच शोधू द्या. (आजी-आजोबांनाही बजावून ठेवा, त्यांना राहवत नाही.)

गृहपाठ आलाच तर दहा मिनिटं, तोही मनसोक्त खेळून झाल्यावर. जांभया सुरू झाल्या की वही मिटा आणि बाईंना चिठ्ठीत तसं कळवा. आम्ही रागावत नाही. निदान मी तरी.