ओसाकात चार दिवस काय काय करायचं (शाकाहारी नानांसकट)

मागच्या नोव्हेंबरात मी आणि आमचे नाना ओसाकाला जाऊन आलो, तेव्हापासून रावेर-फैजपूरकडचे निम्मे पाहुणे फोन करून एकच विचारून राहिले, तिकडं करायचं काय आणि खायचं काय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून तोंड दुखलं म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे आठ दिवसात चार शहरं पळवणारं पॅकेज घेऊ नका भो. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बस, हे करायला एवढ्या लांब कशाला जायचं. नंबा स्टेशनजवळ खोली घ्या आणि तिथंच राहा. विमानतळावरून नानकाई लाइनची गाडी साधारण पाऊण तासात डायरेक्ट नंबाला आणते, आणि तिथनं नारा, क्योटो दोन्ही तासाभरात, म्हणजे भुसावळला राहून जळगाव करतो तसं. उतरल्या उतरल्या इकोका कार्ड घ्या, त्यात ५०० येन डिपॉझिट असतं, मग मेट्रो, बस, दुकान, पेप्सीचं मशीन सगळीकडं तेच टेकवायचं. एक येन म्हणजे अर्ध्या रुपयाच्या जरा वर असं धरून चाला. आणि आपल्या पोरांच्या सुट्टीत जायचं म्हणून मेचा पहिला आठवडा धरू नका, तेव्हा त्यांचीही सलग सुट्टी असते, सगळा जपान रस्त्यावर येतो.

आता मजेचं. एक अख्खी संध्याकाळ शिनसेकाईला द्या. जुना बाजार आहे, मधोमध त्सुतेनकाकू नावाचा टॉवर (पहिला १९१२ चा, आत्ताचा १९५६ चा), वर बिलिकेन नावाचा हसरा देव बसलेला असतो, त्याचे तळपाय चोळले की नशीब उघडतं म्हणे, लोकांनी चोळून चोळून पाय झिजवलेत. मूळचा अमेरिकेचा देव आहे हा, पण ओसाकावाल्यांनी आपलासा करून टाकलाय. खाली गल्लीत कुशिकात्सूची दुकानं, म्हणजे काडीला टोचलेली भजीच समजा, कांदा, लाल भोपळा, कमळकाकडी, मांस, मासे, जे म्हणाल ते. समोर स्टीलच्या डब्यात पातळ काळा सॉस, सगळ्या गिऱ्हाइकांत एकच डबा, म्हणून नियम असा की काडी एकदाच बुडवायची, चावा घेतल्यावर परत नाही. नानांनी वांग्याची काडी घेतली (वांग्याला तिकडं नासू म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा), एक घास खाल्ला आणि सवयीनं हात परत डब्याकडं. काउंटरमागच्या आजीनं दोन्ही हातांची अशी फुली केली की नानांचा हात हवेतच थांबला! मग तिनंच हसत कोबीचं पान पुढं केलं, सॉस कमी पडला तर कोरड्या पानानं उचलून वर टाकायचा असतो. आता बऱ्याच दुकानांत डब्याऐवजी सॉसची बाटलीच ठेवतात, पण डबा असलेलं दुकान शोधा, मजा त्यातच आहे. वांगं चांगलं होतं, बामणोदच्या वांग्याची सर नाही हे नानांनी तीनदा सांगितलं. आणि हो, पिठात अंडं असतं आणि तळायचं तेल सगळ्याला एकच. नाना अंड्यापर्यंत चालवून घेतात, तेलाचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

शाकाहारी असाल तर खरा त्रास दाशीचा आहे. दाशी म्हणजे वाळक्या मासळीचं पाणी, ते सूपमध्ये असतंच असतं, भाजीतही असतं, वरून काहीच कळत नाही. ताकोयाकी दिसायला आपल्या अप्प्यांसारखी पण आत ऑक्टोपस. ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाड धिरडं, बऱ्याच ठिकाणी तुमच्या टेबलावरच्या तव्यावर स्वतः उलटायला देतात, हे नक्की करा. मांस नको तर 'निकू नाशी' म्हणायचं, पण वर जी पातळ कात्रणं गरम वाफेनं हलतात ती पण मासळीच, ती आधीच नको म्हणा, आणि पिठात बहुतेक दाशी असतेच. पोट भरायला कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, उमेबोशीची ओनिगिरी, भाताच्या गोळ्यात आंबट-खारट लोणचं, आम्ही त्यावर बरेच दिवस काढले. सोबत शेव आणि ठेचा न्या. ताजी फळं मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

त्याच कोंबिनीत नानांना केळी दिसली. जन्म केळीच्या मळ्यात गेलेला माणूस, आणि तिथं एकेक केळं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. "एकेक केयं इकता का हे लोकं!" जपानात केळी जास्त करून फिलिपिन्सहून येतात. नानांनी एक घेतलं, सोललं, अर्धं खाल्लं, बाकीचं मला दिलं, आणि हॉटेलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पोरं बरोबर असतील किंवा नसतील तरी इकेदाचं कप नूडल्स म्युझियम करा. ओसाकातल्याच उमेदा स्टेशनहून हान्क्यू कंपनीच्या गाडीनं वीसेक मिनिटं, आत जायला पैसे नाहीत, मंगळवारी बंद असतं. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये घरामागच्या शेडमध्ये इन्स्टंट नूडल्स शोधली, ती शेड तशीच्या तशी उभी केलीय. ५०० येन दिले की कोरा कप मिळतो, त्यावर मार्करनं चित्र काढा, चार सूपपैकी एक आणि बारा टॉपिंगपैकी चार निवडा, समोर झाकण लावून देतात, मग हवा भरलेल्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. नानांनी कपावर केळीचा घड काढला, चांगली दहा मिनिटं घेऊन. शाकाहारी माणसाला ते सूप चालत नाही, त्यामुळं तो कप घरी टीव्हीशेजारी आहे.

सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. इथं लाजू नका, कपडे सगळे काढावे लागतात, बायका-पुरुष वेगळे असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं चांगलं धुवून घ्यायचं, मगच गरम पाण्यात उतरायचं, छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात नाही. टॅटू असेल तर काही ठिकाणी घेत नाहीत. नाना पहिल्यांदा दारातूनच फिरले, दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले चल.

बाकी पटकन सांगतो. दोतोन्बोरी म्हणजे कालव्याकाठचा झगमगता बाजार, तो रात्रीच बघा, ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीची पळणाऱ्या माणसाची पाटी तिथं पहिल्यांदा १९३५ ला लागली, तासाभरात होतं. ओसाकाचा किल्ला हिदेयोशी नावाच्या जुन्या सत्ताधीशानं १५८३ ला बांधायला घेतला पण आत्ताची मुख्य इमारत १९३१ ची काँक्रीटची, आत लिफ्ट, म्हणून मी म्हणीन बाहेरूनच बघा, बाग फुकट आहे. उमेदा स्काय बिल्डिंगवर सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा, वर १७३ मीटरवर उघडी गच्ची आहे. महिन्याच्या २१ किंवा २२ तारखेला असाल तर शितेन्नोजी मंदिरात जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथं आधी मोकारिमाक्का म्हणून बघा, म्हणजे "काय, धंदा बरा चाललाय का", व्यापाऱ्याचा जुना रामराम आहे तो. आम्हाला एक म्हातारा एवढा हसला की पितळी घंटीचे शंभर येन त्यानंच कमी केले.