जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर घालताय? कूलर त्याच दिवशी बसवा

१९९८ ते २००२ च्या ऑटोमॅटिक व्ही-८ शेव्हरोले कॅमारोत ४एल६०ई हा चार गिअरचा बॉक्स येतो. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो तो टॉर्क कन्व्हर्टर; गाडी ब्रेकवर धरून त्यातून इंजिन जिथवर फिरू शकतं तो त्याचा स्टॉल. ३,००० आरपीएमच्या आसपास स्टॉल असलेला कन्व्हर्टर घातला की सिग्नलवरून गाडी सुसाट सुटते. रहदारीत मात्र इंजिन ओरडतं आणि गाडी रेंगाळते. कन्व्हर्टरमधली हीच घसरण तेल तापवते, म्हणून वेगळा ऑइल कूलर लगेच बसवून घ्या. तेल साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आत राहिलेलं बरं. हायवेला लॉकअप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा) लागला की घसरण थांबते, तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करताना लॉकअप बंद करू देऊ नका. आणि हो, शिफ्ट किटमुळे (गिअर झटपट बदलायला बॉक्समध्ये घालतात ते सुटे भाग) गिअर धाडकन पडले, तरी आतले तिसऱ्या-चौथ्या गिअरचे नाजूक क्लच जुनेच असतात.