उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकताना

विंडोजची सवय असली की सॉफ्टवेअर डाउनलोड करायला हात आधी ब्राउझरकडे जातो. उबुंटू या लिनक्स प्रणालीत आधी तिच्या स्वतःच्या ऑनलाइन सॉफ्टवेअर-भांडारात शोधा. तिथून घेतलेलं पुढे प्रणालीच्या अपडेटबरोबरच अद्ययावत होत राहतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो एपीटी अपडेट' (sudo apt update) चालवून भांडाराची यादी ताजी करा, मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल' (sudo apt install) आणि पुढे पॅकेजचं, म्हणजे भांडारातल्या त्या सॉफ्टवेअरचं, नेमकं नाव. 'सुडो' तुमचा पासवर्ड मागतं; तो टाइप करताना बहुधा पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड ठीक आहे. टाइप करा, एंटर दाबा.

'अनेबल टू लोकेट पॅकेज' आलं तर स्पेलिंग तपासा. 'कुड नॉट गेट लॉक' म्हणजे बहुधा मागे दुसरं इन्स्टॉलेशन किंवा अपडेट चालू आहे. थांबा. एका वेळी एकच इन्स्टॉलेशन चालावं म्हणून असलेली लॉक फाइल अजिबात पुसू नका, पॅकेजांची नोंदच बिघडू शकते.

मदतीसाठी 'मॅन' (man) आणि कमांडचं नाव टाइप करा, त्या कमांडची माहितीपुस्तिका उघडते. आत शोधायला तिरकी रेघ (/), बाहेर पडायला क्यू (q).