जुन्या जीपच्या डिझेलात टू-टी ऑइल: आधी काय, मग किती

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात माझी जीप बंद पडली, आणि तिला बंद पाडणारा मीच होतो. वडिलांची सवय मी पुढे चालवली होती. सर्व्हिसिंगला काढलेलं काळं इंजिन ऑइल फडक्यातून गाळायचं आणि अंदाजपंचे टाकीत ओतायचं, का तर इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण मिळतं. मिस्त्रींनी नंतर जीपचा डिझेल फिल्टर कापला आणि कागदाच्या घड्या उलगडून माझ्यासमोर धरल्या. बोट फिरवलं तर काजळीचा चिखल, आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमचम. ती चमचम म्हणजे झिजलेल्या लोखंडाचा कीस. वंगण म्हणून मी पंपाला हे पाजत होतो. आता त्याऐवजी मी टू-टी ऑइल, म्हणजे जुन्या लुना-स्कूटरच्या पेट्रोलमध्ये घालायचं ते, मोजून डिझेलात घालतो.

वडिलांचा हेतू मात्र चुकीचा नव्हता. माझी जीप प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या इंजिनाची, रोटरी म्हणजे फिरत्या डिझेल पंपाची. या पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते त्यातून जाणाऱ्या डिझेलचंच. ट्रॅक्टरच्या इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेल्या) खालच्या कॅमशाफ्टला ऑइल असतं, पण प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, तिथेही डिझेलच्याच वंगणावर चालतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० पीपीएमवर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला मुळात वंगणपणा देणारे काही घटकही निघून जातात. म्हणून पेट्रोल पंपावर मिळणारं डिझेल कोरडंठाक असतं असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलावू नका. वंगणासाठीचं रसायन कंपन्या आधीच घालतात. मानकाप्रमाणे घासण्याच्या चाचणीत पडणारा ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत असावा लागतो. आपण टाकतो ते टू-टी म्हणजे वरचं चमचाभर तूप, जेवण नव्हे.

तेव्हा आधी जेवणाचं बघा. नवा डिझेल फिल्टर बसवा. वॉटर सेपरेटरचा (डिझेलातलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं बाटली हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत हे हमखास निघतं. पाण्याने पंप जेवढा खराब होतो तेवढा कशानेच होत नाही, आणि त्यावर कुठलंही ऑइल हा इलाज नाही.

फिल्टर बदलला की आत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. बुडबुडे थांबले असं वाटल्यावर आणखी दहा वेळा दाबा आणि धार चालू असतानाच बोल्ट आवळा. मी घाई करतो आणि दर वेळी दोनदा करायला लागतं.

आता ऑइल. टू-टी जळण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणून राख कमी ठेवतं. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू-टी ऑइलच्या जपानी मानकाचे दर्जे) लिहिलेलं बघा. होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ नावाचं राखविरहित ऑइल असतं, मिळालं तर तेही चालेल. नवं असलं तरी चारचाकीचं इंजिन ऑइल नको, त्यातल्या जस्त-कॅल्शियमची राख होते. गिअर ऑइल नको. रॉकेल तर मुळीच नको, त्याने वंगण आणखी कमी होतं आणि भेसळीचा गुन्हा वेगळाच.

प्रमाण २०० ला १. म्हणजे लिटरमागे ५ मिली, ४० लिटरला २०० मिली. मी जनावरांच्या डॉक्टरकडून ५० मिलीची सिरिंज आणली आहे, चार वेळा भरली की झालं. ऑइल टाकीत आधी घालायचं आणि वरून डिझेल भरायचं, म्हणजे धारेनेच ढवळलं जातं. टाकी भरल्यावर वरून ओतलं तर नीट मिसळायला वेळ लागतो. जास्त घातलं म्हणून जास्त फायदा नाही, धूर मात्र वाढतो. पीयूसीच्या आदल्या आठवड्यात मी घालतच नाही.

जुन्या टाकीत गाळ असतोच, त्यामुळे सुरुवातीला दोन टाक्या संपल्या की फिल्टर उघडून बघा. पंपाच्या सीलमधून डिझेल पाझरत असेल तर सील किट बदला. सकाळी पांढरा धूर आणि सुरू व्हायला उशीर होत असेल तर आधी ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) आणि नोझल (डिझेल फवारणारे) तपासा. झिजून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलेल्या इंजिनाला हे पाजण्यात अर्थ नाही.

शेजारच्या पोराने त्याच्या नव्या एसयूव्हीत घालू का विचारलं, त्याला ठाम नाही म्हटलं. कॉमन रेल (एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या गाडीत हा प्रयोग करायचा नाही. त्या जाळीत राख साठते, वॉरंटी जाते, आणि एका इंजेक्टरच्या किमतीत माझ्या जीपचा अख्खा पंप नवा होतो.

ॲव्हरेजचं म्हणाल तर वहीत आधीही लिटरला ११ होतं, आजही ११ च आहे. सकाळची टकटक कमी झाल्यासारखी वाटते. पण त्याच महिन्यात मी नोझलचं प्रेशर सेट करून घेतलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.