हायवेवर जुनी पिकअप दम सोडते? आधी या चुका टाळा

"शहरात गाडी मस्त चालते, हायवेला ऐंशीच्या वर नेली की ओढतच नाही." एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "इंधनाचा पंप बदलू का?" नका बदलू. निदान आज तरी नका.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे उभ्या गाडीवर निदान करणं. बॉनेट उघडायचं, न्यूट्रलमध्ये दोन-चार वेळा रेस द्यायची, कान लावायचा आणि "इंजिन ओके आहे" म्हणून बॉनेट आपटायचं. अरे, न्यूट्रलमध्ये इंजिन ३००० आरपीएमला फिरलं तरी त्याला ओढायचं काय असतं? इंधन नाममात्र लागतं. तीच गाडी माल भरून वरच्या गिअरमध्ये पळते तेव्हा मागणी कितीतरी पट होते. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ६० वरून ८० ला गेलात की नुसत्या हवेसाठीच दुपटीहून जास्त ताकद हवी. अर्धवट चोंदलेला इंधनाचा फिल्टर ६० ला पुरतो, ८० ला पुरत नाही. त्यामुळे तपासणी लोडवरच व्हायला हवी. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल पुरवणारं इंजिन) असेल तर मी शेजारी कुणाला तरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) देऊन बसवतो आणि रेल प्रेशरचे, म्हणजे त्या नळीतल्या दाबाचे, दोन आकडे बघायला सांगतो, कॉम्प्युटरने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळणारा. चढावर फुल ॲक्सिलरेटर दिल्यावर दुसरा आकडा मागे पडू लागला की इंधनाच्या बाजूला शोधायचं. दोन्ही बरोबर चालले तर फिल्टर-पंपाचा नाद सोडून हवा आणि सायलेन्सरकडे वळायचं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीला प्रेशर गेज लावून तो बाहेरून काचेवर टेपने चिकटवतो. पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये कधीच घ्यायचा नाही.

दुसरी चूक, गाडीवाला काय सांगतो ते नीट न ऐकणं. एक जुनी डिझेल पिकअप माझ्याकडे आली तेव्हा तिचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) नवा होता, फिल्टर नवा होता, इंजेक्टरसुद्धा खोलून झाले होते. तक्रार जशीच्या तशी. मालकाने जाता जाता एक वाक्य टाकलं: "बंद पडल्यावर दहा मिनिटं थांबलो की परत पळते, जणू काही झालंच नाही." आधीच्या कुणी त्यावर विचारच केला नव्हता. फिल्टर चोंदला असेल तर तो दहा मिनिटांत मोकळा होत नाही. थांबल्यावर आपोआप सुटणारं काहीतरी वेगळंच असतं.

आधी टाकीचं झाकण. गाडी दम सोडायला लागली की बाजूला घेऊन झाकण सैल करायचं. आत हवा खेचल्याचा 'स्स्स' आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं छिद्र) बंद आहे. इथे तसं झालं नाही. मग डिझेलचा डबा मागच्या हौद्यात घट्ट बांधून फीड लाइन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारा पाइप), दोन्ही त्यात सोडले आणि भरलेली गाडी हायवेला काढली. एकदाही मान टाकली नाही. (हा प्रयोग फक्त डिझेलवर. पेट्रोलचा डबा बांधून गाडी पळवणं म्हणजे आगीला आमंत्रण.) आता दोष टाकी ते फिल्टर एवढ्याच पट्ट्यात उरला. टाकी उतरवली, सक्शन पाइप बाहेर काढला, तर जाळीला नखाएवढा पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला. कुठल्यातरी बाटलीच्या सीलचा असावा. ओढ वाढली की तो जाळीवर बसायचा, इंजिन थांबलं की सुटून तरंगायचा. पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

अशाच गाड्यांमध्ये जुना रबरी पाइपही फसवतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आतलं अस्तर सुटून ओढ लागली की मिटतो.

टर्बोचे (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचे) होज हाताने दाबून "ठीक आहे" म्हणू नका. क्लॅम्पजवळ तेलकट काळा डाग शोधा. होजची चीर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आल्यावरच उघडते, मग काळा धूर आणि फुसफुस.

सायलेन्सर बंद होऊ शकतो हे तर कुणाच्या गावीच नसतं. जुन्या पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) आतून वितळून जाम होतो. इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या नळीला व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) लावा. आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवायला हवा. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरत राहिला तर वाट बंद आहे. आणि कृपा करून सळईने कन्व्हर्टर फोडू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहेच, शिवाय ज्या मिसिंगमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळल्यामुळे) तो वितळला ते तसंच राहतं.

स्कॅनरने 'मिश्रण लीन' (हवा जास्त, इंधन कमी) म्हटलं की ऑक्सिजन सेन्सर बदलणारे वेगळेच. सेन्सरने खरं सांगितलं म्हणून त्यालाच हाकलायचं! आणि एका बैठकीत तीन पार्ट बदलणाऱ्या उतावळ्यांशी मी वाद घालत नाही. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते त्यांना कधीच कळत नाही.

बाकीच्या गोष्टी दोन मिनिटांच्या. एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) खरंच पूर्ण उघडतो का बघा. केबल सैल असते किंवा मॅट आडवी येते. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही? क्लच घसरतोय. घाटमाथ्यावर बिनटर्बोचं इंजिन थोडं मंदावणारच, हवाच विरळ असते. आणि थांबल्यावर हात न टेकवता प्रत्येक चाकाजवळ न्या. एकच रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर ब्रेक जॅम आहे. मग इंजिनला पाना लावायच्या आधी तो सोडवा.