निसर्गनोंदी करताना या चुका टाळा : नाव चुकले तरी चालेल, जागा चुकवू नका

मुंबई परिसरातील वन्यजीवांच्या नोंदी आज मुख्यतः आयनॅचरलिस्ट, ईबर्ड (केवळ पक्ष्यांसाठी) आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर जमा होतात. त्यांतील बराचसा भाग पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जातो आणि तेथून कोणीही तो डाउनलोड करून नकाशा बनवू शकतो. नवशिक्या नोंदकर्त्यांना धास्ती असते ती प्रजातीचे नाव चुकण्याची. ही धास्ती अनाठायी आहे, कारण छायाचित्र बरे असेल तर नाव दहा वर्षांनंतरही कोणी जाणकार दुरुस्त करू शकतो. जागा, तारीख आणि किती वेळ पाहिले हे मात्र त्या दिवशी तेथे असलेल्या माणसाशिवाय कोणालाच सांगता येत नाही. तरीही नेमक्या याच तीन गोष्टी सर्वाधिक निष्काळजीपणे भरल्या जातात.

सर्वांत जास्त नुकसान व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या छायाचित्रांनी होते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान करताना व्हॉट्सअ‍ॅप त्यातील टिपल्याची वेळ आणि अक्षांश-रेखांश काढून टाकते. ठाणे खाडीच्या काठी एका गटाने ओहोटीच्या वेळी फेरी काढली होती. कोणी निवट्या (चिखलात वावरणारे छोटे मासे) टिपल्या, कोणी खेकडे, कोणी तिवरांची श्वसनमुळे. सगळी छायाचित्रे त्यांच्या ग्रुपवर गोळा झाली आणि एका उत्साही स्वयंसेवकाने रात्री घरी बसून ती एकट्यानेच, आपल्याच खात्यावर चढवली. अ‍ॅपने जागा विचारली तेव्हा त्याने ‘सध्याचे ठिकाण’ निवडले, आणि मुलुंड पश्चिमेच्या एका गृहसंकुलात निवट्या नांदू लागल्या. पुढच्या काही दिवसांत इतरांनी या ओळखींना दुजोरा दिला, कारण ओळख बरोबरच होती, आणि नोंदी ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासास वापरण्याजोग्या, ठरल्या. ओळख पटवणारा माणूस छायाचित्र पाहतो, नकाशाकडे सहसा पाहत नाही. कांदळवनाच्या पट्ट्यातील नोंदी मी नकाशावर मांडत असताना हा प्रकार उघडकीस आला. दुरुस्तीसाठी मूळ छायाचित्रे मागवली, तर निम्म्या मंडळींनी फोनमध्ये जागा हवी म्हणून ती पुसून टाकली होती. त्या नोंदींवर अखेर ‘जागा अचूक नाही’ असा शेरा मारून त्या बाजूला काढाव्या लागल्या. एका सकाळची सगळ्यांची पायपीट वाया गेली, ती कोणाला तरी काम झटपट उरकायचे होते म्हणून.

मी ज्या फेऱ्यांना असतो तेथे प्रत्येकाने आपली नोंद आपल्याच खात्यावर, मूळ फाइलमधूनच करावी असा आग्रह धरतो. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक विषयाचे एक छायाचित्र जागेवरच फोनने काढून ठेवतो. ते धूसर आले तरी हरकत नाही, कारण ते केवळ अक्षांश-रेखांशासाठी असते.

हाताने आकडे भरणाऱ्यांची गफलत वेगळी असते. कान्हेरी लेणी साधारण १९ अंश १२ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५४ मिनिटे पूर्व येथे आहेत. एका अंशात साठ मिनिटे असल्यामुळे दशांशात हे १९.२० आणि ७२.९० होते. घाईत १९.१२ आणि ७२.५४ असे लिहिले की कान्हेरीचा बेडूक वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून पंचवीस किलोमीटरहून अधिक आत, अरबी समुद्रात जाऊन बसतो. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल केली तर तो नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पोहोचतो. ही चूक निदान लगेच दिसते. दिसत नाही ती शोधपेटीत ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ असे लिहून मिळालेली पिन. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानातील सगळे जीव त्यामुळे एकाच बिंदूवर साचतात. नेमकी जागा आठवत नसेल तर अचूकतेचे वर्तुळ, म्हणजे खरी जागा ज्या घेरात असू शकते तो घेर, प्रामाणिकपणे मोठे ठेवावे. दोन किलोमीटरचे खरे वर्तुळ पाच मीटरच्या खोट्या वर्तुळापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

ईबर्डवर एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरतात. तेथे माझी तक्रार अपूर्ण याद्यांबद्दल आहे. कावळे आणि कबुतरे काय लिहायची, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि तेच लोक यादीच्या शेवटी ‘पाहिलेले सर्व पक्षी नोंदवले’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणतात. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा अशाच नोंदींवरून घेतला गेला. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये एखादी प्रजाती आढळते, यावरून तिची वाढ-घट जोखली जाते. त्यामुळे आपण गाळलेला कावळा कागदावर खरोखरच कमी होतो. सर्व पक्षी लिहायचे नसतील तर सरळ ‘नाही’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही. शिवडीला रोहित पक्ष्यांचा थवा दिसला की संख्येऐवजी ‘एक्स’ (दिसले, पण मोजले नाहीत) टाकण्याची सवयही सोडावी: शंभर पक्ष्यांचा एक भाग मोजून उरलेल्या थव्याचा अंदाज करता येतो. शिवाय बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंत आणि तेथून गाडीने खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनपर्यंत अशी एकच यादी करू नये. जंगल आणि चिखलपट्टा एका यादीत कोंबले की तो पक्षी कोठे होता हे कळायला मार्ग उरत नाही. मी एक-दोन किलोमीटर झाले की यादी बंद करून नवी उघडतो.

राणीच्या बागेतील पेंग्विन आणि रस्त्याकडेला लावलेला गुलमोहर यांना ‘पाळीव किंवा लावलेले’ अशी खूण करावी. कॅमेऱ्याचे घड्याळ फेरीआधी तपासावे. झाडाचे केवळ एक पान टिपून तज्ज्ञांना नाव विचारू नये. फूल, फळ, साल आणि पानाची मागची बाजू हवी.

घरट्याची जागा उघड करू नये, हेही आता सांगायला नको. तरीही पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या घरट्यांची ठिकाणे छायाचित्रकारांच्या ग्रुपवर फिरत राहतात. आयनॅचरलिस्टवर अशा नोंदीची जागा धूसर करण्याची सोय आहे, आणि संकटग्रस्त मानलेल्या अनेक प्रजातींच्या बाबतीत ते आपोआप होते. मग दाखवलेला बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेही पडतो, म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर साधारण बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात. हे ठाऊक नसलेले उत्साही लोक नोंदी डाउनलोड करून बिबट्याचे नकाशे बनवतात आणि समुद्रातील बिंदू ‘चुकीचे’ म्हणून काढून टाकतात. जमिनीवर पडलेले उरलेले बिंदू तितकेच अविश्वसनीय असतात, पण ते खरे दिसतात म्हणून ठेवले जातात. नकाशा करण्यापूर्वी अचूकतेचा रकाना उघडून हजारो मीटरची अनिश्चितता असलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. अभ्यासासाठी नेमकी जागा खरोखरच लागणार असेल, तर नोंदकर्त्याला विचारावी आणि त्याने नकार दिला तर तो मान्य करावा.