क्लासिक रॉक कसा ऐकायचा: लूमच्या आवाजात वाढलेल्यांसाठी

आमच्या घरी सोलापुरात खाली चार लूम म्हणजे यंत्रमाग आणि वर आम्ही राहायचो, त्यामुळं खटखट ऐकतच झोपायची सवय, उलट लाईट गेली आणि आवाज थांबला की जाग यायची. वडील चहा पिता पिता म्हणायचे, तीन नंबरचा आवाज बदललाय, बघ जरा. चार मशीनच्या कल्लोळात एकीचा आवाज वेगळा काढायचा, रॉक ऐकायला नेमकं हेच लागतं, म्हणून मला वाटतं सोलापूरच्या पोरांचा कान आधीच अर्धा तयार असतो की.

मला आत्ताचं पॉप फारसं भावत नाही, त्याचं कारणपण सांगतो. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, मग जे काय आहे ते सुरुवातीलाच ओतायचं, ठेका कॉम्प्युटरवर आखलेला, आवाज ऑटोट्यूनमधून, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सरळ केलेला. पहिल्यांदा ऐकायला छान वाटतं पण दहाव्यांदा ऐकताना मला त्यात नवीन काय सापडत नाही, आणि 50 वर्षांपूर्वीच्या रॉकमधे मात्र अजून सापडतं.

आधी सामान. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खरंच नका. बेस म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, तिच्या सगळ्यात जाड तारेचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो, एवढुश्या स्पीकरमधून तेवढं खालचं येतच नाही, म्हणजे चादरीतला बाणा, म्हणजे आडवा धागाच काढून टाकल्यासारखं. महागडं काही नको, वायरवाला बरा इअरफोन चालतो. ॲपमधे क्वालिटी हाय करा, बेस बूस्ट आणि इक्वलायझर बंद, आवाज निम्म्यापेक्षा थोडा जास्त, कान दुखेपर्यंत नाही. वेळ रात्री दहानंतरची, गच्चीवर. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, दुपारी पत्र्याखाली घामाघूम होऊन बेस ऐकू येत नसतो.

सुरुवात डीप पर्पल या ब्रिटिश बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ने करा. हे गाणं शिकवल्यासारखं एकेक वाद्य आणतं: आधी नुसती गिटार, मग तिला हाय-हॅट म्हणजे ड्रमची ती जोडझांज आणि ऑर्गन, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य येऊन मिळतात, मग पूर्ण ड्रम, मग बेस आणि त्यानंतर गाणारा. एका रात्री चार वेळा ऐकायचं, प्रत्येक वेळी एकच वाद्य धरून. पहिल्यांदा गिटार, दुसऱ्यांदा ड्रम, तिसऱ्यांदा फक्त बेस (हा सुटतो हातातून, सुटला की मागं घ्या), चौथ्यांदा ऑर्गन. पाचव्यांदा काही न धरता ऐका, आणि मग सांगा मला, तेच गाणं आहे का ते. शब्द कळत नसतील तर गोष्ट अशी आहे, 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात फ्रँक झापा या अमेरिकन रॉक गिटारवाल्याचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक उडवली आणि कॅसिनो जळाला, डीप पर्पलवाले तिथंच रेकॉर्डिंगला आलेले, तळ्यावर पसरलेला धूर बघत बसले. मला ऐकताना दरवेळी आपला सोलापूरचा कंबर तलावच दिसतो.

दुसऱ्या आठवड्यात लेड झेपलिन या बँडचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, 1971 चं. ड्रम जुन्या मोठ्या घरात जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवला आणि माईक वर जिन्यावरून लटकवले, म्हणून तो आवाज असा दगडी येतो. ऐकायच्या आधी एक काम करा, एखाद्या जुन्या वाड्याच्या किंवा तुमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात उभं राहून जोरात टाळी वाजवा. आता गाणं लावा. समजलं ना.

ब्लॅक सॅबथ या बँडचं मात्र मला जरा थांबून सांगायचंय. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. 1965 ला, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमधे उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं तारा सैल करून सूरच खाली उतरवला, आणि त्यातनं तो जड, काळा आवाज आला ज्याच्यावर पुढं सगळं हेवी मेटल, म्हणजे रॉकचा जड प्रकार उभा राहिला. आमच्या गल्लीत बोट गेलेले दोन काका होते, त्यामुळं मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इअरफोन काढून नुसता बसून राहिलो. त्यांचा 1971 चा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बम लावा आणि गिटार किती खाली उतरलीय ते ऐका. हे सगळं लई लांबचं आहे असं मग वाटत नाही.

एवढं झालं की अख्खा अल्बम. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’, 1973, साधारण 43 मिनिटं. स्किप नाही, शफल नाही, गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, मधनं तोडलं तर वीण उसवते. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि अल्बम आधीच डाउनलोड करून ठेवा. त्यातलं ‘मनी’ गाणं आलं की बोटांवर मोजा, सात मात्रा येतील. तबला शिकलेल्यांना रूपक ताल आठवेल, विभागणी तशी नाही पण सातचीच गोडी. आणि गिटारचा सोलो सुरू झाला की ते सरळ चार मात्रांत उतरतं, तिथं मान आपोआप हलायला लागते. सुरुवातीचा नाण्यांचा आवाज टेपचे तुकडे मोजून कापून, चिकटवून केलाय, एकेक तुकडा हातानं.

क्वीन सगळ्यांना माहितीये, तिथं मी काय सांगू, फक्त त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला आपल्या पाचगणीत होता आणि पहिला बँड त्यानं तिथंच काढला एवढं पोरांना सांगत चला.

घरचे किंवा मित्र म्हणतील काय हा गोंधळ बे. त्यांना वाद घालून पटवू नका, आणि आठ मिनिटांचं गाणंपण पहिल्यांदाच लावू नका. पार्क चौपाटीवर खाऊन झालं की गाडीत ‘स्मोक ऑन द वॉटर’ची पहिली 50 सेकंद लावा आणि विचारा, बेस कुठं आला? चुकीचं सांगितलं की परत सुरुवातीपासून लावा.